एनगॅलवर काम सुरू करतोयस ना, मग आधी हे वाच

अरे, सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाक, एनगॅल म्हणजे लिपोकॅलिन-२, हे जंतूंशी लढणारं आपल्या शरीरातलं प्रोटीन लोह थेट पकडत नाही. ई. कोलाय या जंतूला वाढायला लोह लागतं, म्हणून तो एन्टेरोबॅक्टिन नावाचं छोटं रेणू बाहेर सोडतो, ते लोह घट्ट धरतं आणि एनगॅल नेमकं तेच लोहासकट गिळून बसतं, मग जंतू उपाशी. किडनीत कलेक्टिंग डक्टच्या, म्हणजे लघवी गोळा करणाऱ्या नळीच्या, अल्फा इंटरकॅलेटेड नावाच्या पेशी इन्फेक्शन झालं की एनगॅल लघवीत सोडतात आणि वर लघवी आम्लही करतात, मला तर ही जोडी फार सुंदर वाटते.

पण जंतूही काही कमी नाहीत, काही जण एन्टेरोबॅक्टिनला साखर चिकटवून साल्मोकेलिन करतात आणि ते एनगॅलच्या खाचेत बसतच नाही. त्यामुळे स्ट्रेन, म्हणजे जंतूचा उपप्रकार, कुठला ते बघितल्याशिवाय रिझल्टवर विश्वास ठेवू नकोस.

एनगॅल प्रोटीन लॅबमध्ये एन्टेरोबॅक्टिन बनवणाऱ्या ई. कोलायच्या स्ट्रेनमध्ये, जसं एक्सएल१-ब्लू, बनवलंस तर ते आधीच एन्टेरोबॅक्टिन घेऊन येतं, ट्यूबमध्ये लालसर झाक दिसली की समज. मी यात तीन आठवडे घालवलेत, तू एन्टेरोबॅक्टिन न बनवणारा स्ट्रेनच वापर. आणि काचेची भांडी ॲसिडने धू, नळाच्या पाण्यातलं लोहसुद्धा प्रयोग बिघडवतं.

हो, आणि पेशंटच्या सॅम्पलमध्ये एनगॅल वाढलेलं दिसलं की लगेच किडनी इन्ज्युरी म्हणू नकोस, युरिन कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ती तपासणी, आधी बघ, नुसत्या इन्फेक्शननेही वाढतं ते.