पुस्तकं निवडून घ्या, नोव्हेंबरचा हप्ता मात्र थांबवा

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. वय ६१, पत्नीचं ५७. पेन्शन महिना ४१ हजार, घरखर्च ३० हजार. निवृत्तीच्या वेळी सगळे मिळून ३८ लाख आले. त्यातले ९ लाख मुलीच्या लग्नाला आणि ८ लाख घराच्या दुरुस्तीला गेले. १० लाख बँकेच्या एका योजनेत भरले, ६ लाखांची एफडी आहे, ५ लाख बचत खात्यात. मला लहानपणापासून संगीत नाटकांचं आणि जुन्या संगीतग्रंथांचं वेड. राजापूरकडच्या एका दिवंगत वकिलांचा संग्रह विकायला निघालाय. गायन, वादन, नृत्य, नाट्यपदं अशी १४० पुस्तकं, किंमत साडेचार लाख. मध्यस्थ म्हणतात, दहा वर्षांत पंधरा लाख कुठेच गेले नाहीत, परदेशी संग्राहक तर डॉलरमध्ये घेतात. त्यासाठी एफडी मोडू की सोनेतारण कर्ज काढू? बँकेच्या योजनेत वर्षाला ५ लाख भरायचे असतात, पाच वर्षं भरले की दाम दुप्पट. नोव्हेंबरात तिसरा हप्ता आहे. पुढचे हप्ते पुस्तकं थोडी थोडी विकून भरता येतील असा विचार आहे. पुस्तकांची यादी, काही फोटो आणि योजनेच्या कागदाचं पहिलं पान सोबत जोडलंय.

उत्तर : सर, तुमची पुस्तकांची यादी मी आवडीने वाचली आणि तिच्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण आधी त्या पहिल्या पानाबद्दल बोलू. तुम्ही जिला बँकेची योजना म्हणता, ती बँकेची नाही आणि ठेवही नाही. ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. बँकेने ती फक्त विकली आणि त्यावर कमिशन घेतलं. पानावर स्पष्ट छापलंय : हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं, मुदतीअंती मिळणारी रक्कम १ कोटी ५ लाख. पाच वर्षं हा आकडा त्या कागदावर कुठेही नाही. तो फक्त काउंटरवर बोलला गेला.

म्हणजे तुम्हाला एकूण ५० लाख भरायचे आहेत. निवृत्तीला हातात आलेले पैसेच ३८ लाख होते. हे विकणाऱ्या बँकेतल्या माणसांना तुमचा आकडा माहीत होता, कारण पैसे त्यांच्याच शाखेत जमा झाले होते. एकोणसाठ वर्षांच्या निवृत्त शिक्षकाला, वर्षाला पाच लाखांचा हप्ता, दहा वर्षं! याला सल्ला म्हणत नाहीत. तुमची फसवणूक झाली आहे आणि ती तशीच लिहून तक्रार करायची आहे.

आता तुमच्याकडचे पैसे मोजू. एफडी ६ आणि बचत ५, असे ११ लाख. पेन्शनीतून वर्षाला सव्वा-दीड लाख मागे पडतात. नोव्हेंबरात पाच भरले की सहा उरले. वर्षभरात शिल्लक आणि व्याज धरून साडेसात-पावणेआठ. चौथा हप्ता गेला की पावणेतीन. पुढच्या वर्षी त्याचे फार तर सव्वाचार होतील आणि पाचवा हप्ता अडेल. हे पुस्तकं न घेता. साडेचार लाखांचा संग्रह आत्ता घेतला तर चौथाच हप्ता अडेल, आणि तेव्हा घरात ना एफडी असेल ना आजारपणासाठी चार पैसे.

दाम दुप्पट होणार हे खरं आहे, पण कधी ते बघा. ५० लाखांचे १ कोटी ५ लाख होतात, मात्र भरलेला प्रत्येक रुपया सरासरी पंधरा-साडेपंधरा वर्षं अडकतो. व्याजाचा दर पडतो पाच टक्क्यांच्या आत. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२ टक्के देते, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येतं, तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि गुहागरच्या पोस्टात तिचं खातं उघडतं. तुम्ही या योजनेत एक रुपयाही ठेवलेला नाही. आणि ही विमा पॉलिसी पिकेल तेव्हा तुमचं वय ७९ असेल.

तेव्हा तिसरा हप्ता भरायचा नाही. याच आठवड्यात बँकेत जाऊन हप्त्याची ऑटो-डेबिट सूचना लेखी अर्ज देऊन रद्द करा आणि पोच घ्या. नाहीतर नोव्हेंबरात पैसे आपोआप कापले जातील आणि परत मिळवायला हेलपाटे घालावे लागतील. शाखेतून फोन येईल, "तिसरा नाही भरला तर आधीचे दहा लाख बुडतील" असं सांगतील. हे खोटं आहे. दोन वर्षांचे पूर्ण हप्ते भरलेत, त्यामुळे पॉलिसीला सरेंडर मूल्य, म्हणजे ती मध्येच बंद केली तर परत मिळणारी रक्कम, आलेलं आहे.

पॉलिसी परत करण्याची फ्री-लूक मुदत केव्हाच उलटली. तरी पहिली मागणी संपूर्ण दहा लाख परत मिळण्याचीच करा. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहा : पाच वर्षांची ठेव म्हणून विकली, उत्पन्न बघितलं नाही, हप्ता परवडणार नाही हे विक्रेत्याला ठाऊक होतं. पॉलिसी देताना कंपनीकडून जो पडताळणीचा फोन आला होता त्याचं रेकॉर्डिंग मागा, आणि तुमच्या नावाने भरलेला मूळ अर्जही मागा. त्यात वार्षिक उत्पन्न काय लिहिलंय ते बघा. असे अर्ज मी बरेच वाचलेत आणि तो रकाना बहुतेक वेळा फुगवलेला असतो. कंपनीने दाद दिली नाही तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका, किंवा १५५२५५ वर फोन करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं.

हे चालू असतानाच कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केली तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर ७९व्या वर्षी किती. दहातले दोन हप्ते भरलेत, त्यामुळे पेड-अपचा आकडा २१ लाखांच्या आसपास यावा. अठरा वर्षांनी येणारे २१ लाख साडेसात टक्क्यांच्या हिशोबाने आजचे पावणेसहा लाख होतात. कंपनी आज पावणेसहाहून जास्त देत असेल तर सरेंडर करा आणि पैसे ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. साडेतीन-चारच देत असेल तर पेड-अप ठेवा. दोन्हींत नुकसान आहे. पण पुढचे चाळीस लाखही पाच टक्क्यांनी अडकवणं हे त्याहून कितीतरी मोठं.

आणखी एक. पत्रात आरोग्य विम्याचा शब्दही नाही. नोकरीतली वैद्यकीय बिलांची प्रतिपूर्ती आता नाही. तुमच्या गावातून मोठ्या इलाजासाठी डेरवण, नाहीतर थेट कोल्हापूर किंवा मुंबई. दोघांचा दहा लाखांचा आरोग्य विमा आत्ताच घ्या, वर्षाला पन्नास-साठ हजार लागतील. आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा असते, म्हणून जितका उशीर तितकं ते कव्हर पुढे जाणार.

आता पुस्तकं.

साडेचारचे दहा वर्षांत पंधरा म्हणजे वर्षाला तेरा टक्के. ऐकायला शक्य वाटतं. पण जुनी पुस्तकं घेणारा दुकानदार तुमच्याकडून घेताना स्वतःच्या विक्री किमतीच्या निम्मं, बऱ्याचदा त्याहून कमी देतो. तुमच्या हातात पंधरा यायचे तर दुकानातली किंमत तीस लाख व्हायला हवी. म्हणजे वर्षाला एकवीस टक्के, सलग दहा वर्षं. मध्यस्थाला हे ठाऊक आहे, त्याचा वाटा तर आजच मिळणार आहे. परदेशी संग्राहकांचं तर विसराच. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं ओलांडलेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू आणि पंचाहत्तर ओलांडलेलं तसं हस्तलिखित खासगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही. यादीतली मोलाची पुस्तकं नेमकी त्याच वयाची आहेत.

यादीत खरोखर हात लावावा अशी दहा-बाराच दिसतात. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'ची आनंदाश्रमाची १८९६-९७ची दोन खंडांची आवृत्ती, निर्णयसागर छापखान्याचं काव्यमालेतलं १८९४चं 'नाट्यशास्त्र', फॉक्स स्ट्रँगवेजचं हिंदुस्थानी संगीतावरचं १९१४चं पुस्तक, कॅप्टन डे यांचं दक्षिणेतल्या वाद्यांवरचं १८९१चं. डे यांच्या पुस्तकाचं सगळं वैभव त्यातल्या वाद्यांच्या रंगीत चित्रपानांत आहे. वकिलांच्या प्रतीत काही पानं नाहीत असं तुम्हीच बारीक अक्षरात लिहिलंय, मग ती पूर्ण प्रतीच्या भावात का घ्यायची? भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांना 'दुर्मिळ' म्हटलंय, पण चार भाग वेगवेगळ्या आवृत्त्यांचे आहेत आणि त्यांचा हाथरसचा हिंदी अनुवाद गाण्याच्या क्लासात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. भातखंडे १९३६ साली गेले, तेव्हाच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांनी स्वामित्वहक्क संपला, मजकूर कुणीही छापू शकतो. वाचायला हवं असेल तर नवी प्रत घ्या. जुनीला भाव हवा असेल तर ती पहिली मराठी आवृत्ती, अखंड पानांची आणि मूळ पुठ्ठ्याची असावी लागते.

तुमच्या फोटोंतला एक मला फार आवडला. 'मानापमान'च्या पदांची चोपडी, कडा झिजलेल्या, आणि पदांच्या शेजारी पेन्सिलीने कुणीतरी लिहिलेले राग, एका ओळीखाली 'इथे थांबणे' अशी खूण. नाटक १९११ साली रंगभूमीवर आलं, तेव्हापासून अशा चोपड्या हातोहात फिरल्या आणि बहुतेक रद्दीत गेल्या. ही कुठल्यातरी गाणाऱ्या माणसाच्या हातची आहे. बाजार हिला फार देणार नाही. पण दशावतार आणि संगीत नाटक ज्या कोकणाने जपलं, तिथल्या एका घरात तिची नीट नोंद राहावी असं मला मनापासून वाटतं. ही घ्याच.

घेण्याआधी प्रत्येक पुस्तक स्वतःच्या हातात धरा. शीर्षकाचं पान आणि त्याची मागची बाजू बघा, तिथे आवृत्ती आणि छापखाना असतो. पानांचे आकडे ओळीने मोजा. वाचनालयाचा शिक्का असेल तर ते पुस्तक रीतसर काढून टाकलेलं आहे की परत न केलेलं, हे विचारा. सेलोटेपने चिकटवलेली पानं सोडा, चिकटपणाचे डाग जात नाहीत. पान कोपऱ्याशी हलकं दुमडून बघा, तुटलं तर तो कागद आतून संपलाय. शिलाईजवळ कसरीची बारीक भोकं आणि पुठ्ठ्याच्या आत वाळवीची माती शोधा.

आणि आपल्या हवेचं काय? चार महिने पाऊस, भिंतींना ओल, समुद्रावरून येणारा खारा वारा. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तकं गेली. तिथे तर माणसं आयुष्यभर पुस्तकं सांभाळणारी होती. १४० जुने ग्रंथ कोकणात दहा वर्षं विक्रीलायक ठेवायचे तर काचेची बंद कपाटं, बाहेरच्या भिंतीपासून अंतर, पावसाळ्यात दमटपणा काढणारं यंत्र, विजेचं बिल. तो खर्च मध्यस्थाच्या पंधरा लाखांत कुठेच धरलेला नाही. दहा-बारा पुस्तकांना एक कपाट पुरतं आणि दर आठवड्याला एकेक उघडून बघणंही होतं.

म्हणून या वर्षी पुस्तकांसाठी चाळीस हजार, तेही पेन्शनीच्या शिल्लकीतून, आरोग्य विम्याचा हप्ता भरल्यानंतर. एफडी मोडू नका. सोनेतारण तर नकोच, साडेचार लाखांवर दहा टक्के धरले तरी वर्षाला पंचेचाळीस हजार नुसतं व्याज. वकिलांच्या घरच्यांना मध्यस्थाशिवाय भेटा. पूर्ण संग्रह घेणारा मिळत नसेल तर ते निवडक द्यायला तयार होतील, आणि उरलेली पुस्तकं रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयाला द्यावीत असं सुचवा. चाळीस हजारांत सगळी दहा-बारा बसणार नाहीत. तेव्हा चोपडी आणि 'संगीतरत्नाकर' आधी. लोकपालांकडून किंवा कंपनीकडून पूर्ण पैसे परत आले, तर उरलेल्यांसाठी एक लाखापर्यंत जायला माझी हरकत नाही.

एक विनंती. पॉलिसीबद्दल पत्नीला अजून सांगितलेलं नसेल तर आज सांगा. तक्रारीच्या पत्रावर सही तुमची असेल, पण हे पैसे दोघांचे आहेत आणि पडताळणीच्या फोनवर काय बोलणं झालं होतं, ते कदाचित त्यांना जास्त नीट आठवत असेल.

पॉलिसीची सगळी पानं, मूळ अर्जाची प्रत आणि कंपनीचे दोन्ही लेखी आकडे आले की मला पाठवा. सरेंडर की पेड-अप, ते त्यावरून लगेच सांगता येईल.