कॅल्शियमच्या गोळीने इन्सुलिन वाढेल का?

प्रश्न : मी सांगलीहून लिहिते आहे. आई ६४ वर्षांची आहे. तिला डायबेटिससाठी ग्लिमेपिराइड आणि हाडांसाठी कॅल्शियमची एक गोळी चालू आहे. इन्सुलिन सुटायला कॅल्शियम लागतं, असं कुठेतरी वाचल्यापासून ती मनानेच कॅल्शियमच्या दोन गोळ्या घेते. फायदा होईल का?

उत्तर : ताई, ही वरची गोळी आजच थांबवा. आईंनी वाचलं ते खरं आहे, पण अर्धंच.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत इन्सुलिन बारीक पिशव्यांत भरून तयार असतं. जेवणानंतर साखर पेशीत शिरते, तिच्यापासून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. ते वाढलं की पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारं मिटतात, विद्युतभार बदलतो आणि कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत घुसलं की पिशव्या आवरणाला जुळून रिकाम्या होतात.

संशोधनाच्या दिवसांत मी उंदरांच्या स्वादुपिंडातले पेशींचे पुंजके मायक्रोस्कोपखाली पिपेटने एकेक वेचायचे. खसखशीच्या दाण्याहूनही लहान! कॅल्शियम नसलेल्या द्रावणात त्यांना कितीही ग्लुकोज द्या, इन्सुलिन जवळजवळ सुटायचंच नाही. कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग पेशींत भरला, की ग्लुकोज दिल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत अख्खा पुंजका उजळायचा, मंदावायचा, पुन्हा उजळायचा. अजून डोळ्यांपुढे आहे ते.

मग जास्त गोळी का नको? पेशीबाहेर कॅल्शियमला तोटा नसतो. विसावलेल्या पेशीच्या आतल्यापेक्षा ते बाहेर सुमारे १०,००० पट असतं आणि रक्तातलं प्रमाण शरीर स्वतःच बांधून ठेवतं. अडतं ते दार उघडण्यापाशी. वरच्या गोळीने बद्धकोष्ठ होईल, मूतखड्याचा धोका वाढेल.

मला खरी काळजी वाटते ती ग्लिमेपिराइडची. ती पोटॅशियमची तीच दारं साखरेची वाट न पाहता मिटवते. जेवण चुकलं तरी इन्सुलिन सुटत राहतं आणि साखर खाली येते. आई एकादशी-चतुर्थी धरत असतील, तर त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आधीच डॉक्टरांना विचारा. हात थरथरले, दरदरून घाम आला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पाहा. साखर ७०च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. त्या नीट शुद्धीवर नसतील तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.