साळुंक्या-कावळ्यांच्या याद्या कुणाला हव्यात?

प्रश्न : नमस्कार ताई, मी बार्शीचा, शिक्षक म्हणून रिटायर झालो. तरुणपणापासून माळावर फिरायचं आणि दिसलेले पक्षी वहीत लिहायचे ही सवय आहे, नव्वद सालच्या आसपासच्या वह्या पण जपून ठेवल्यात. आता पुतण्या मागे लागलाय की काका हे सगळं ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या साइटवर, टाका. पण साइट अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीची, उन्हातान्हात आपण फिरायचं आणि डेटा त्यांना फुकट, हे काय पटत नाही. त्यात माझ्या वहीत निम्मे तर साळुंक्या, पारवे, कावळेच. आणि कोणीही काहीही टाकणार असेल तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर : काका, साळुंक्या-कावळ्यांपासूनच सुरू करते कारण खरी गंमत तिथेच आहे. चिमण्या संपल्या, मोबाईल टॉवरने मारल्या, हे आपण किती वर्षं ऐकतोय, २० मार्चला, जागतिक चिमणी दिनाला, तर व्हॉट्सअपवर येतंच येतं. २०२० मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा रिपोर्ट आला, देशभरातल्या साडेपंधरा हजारांवर पक्षीवेड्यांच्या ईबर्डवरच्या एक कोटीहून जास्त नोंदींवरून केलेला, आणि त्यात निघालं की देशाचा विचार केला तर चिमणी पंचवीसेक वर्षं साधारण तेवढीच आहे, कमी होतेय ती मुंबई, बंगळुरूसारख्या सहा मोठ्या शहरांत, आणि टॉवरला दोष द्यावा असा भक्कम पुरावा काही नाही. हे कळलं ते दुर्मिळ पक्ष्यांच्या फोटोंवरून नाही हो, लोकांनी चिमणी-कावळ्यासकट लिहिलेल्या कंटाळवाण्या याद्यांवरून कळलं.

त्यात मेख अशी की यादी पूर्ण हवी. पंधरा मिनिटं थांबायचं, ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, मोजता आला नाही तर आकड्याच्या जागी एक्स टाकायचा, आणि शेवटी ‘सगळे लिहिलेत का’ विचारतात तिथे हो म्हणायचं. मग यादीत जो नाही तो दिसला नाही, हीसुद्धा माहितीच होते! शंभर याद्यांपैकी किती याद्यांत टिटवी आली हे वर्षानुवर्षं बघत गेलं की वाढतेय की घटतेय ते कळतं. भिगवणला जाऊन फक्त रोहित (फ्लेमिंगो) टाकणाऱ्यांच्या यादीतून हे निघत नाही (बिचारे पहाटे उठून लांबून येतात, त्यांना काय बोलायचं).

आता तुमच्या वह्या. त्याच मालिकेतल्या २०२३ च्या रिपोर्टमध्ये तीस हजारांवर लोकांच्या तीन कोटी नोंदी होत्या, ९४२ जातींचा विचार झाला, पण लांब पल्ल्याचा कल सांगता आला फक्त ३३८ जातींचा, कारण जुन्या नोंदीच पुरेशा नाहीत. त्या ३३८ पैकी २०४ घटल्यात. मोर वाढलेत, पण माळावरचा तो मोठा राखाडी खाटीक पक्षी ८० टक्क्यांहून जास्त कमी झालाय. म्हणजे २००० च्या आधी माळावर काय होतं हे लिहून ठेवणारी माणसंच कमी आणि तुम्ही त्यातले एक, आणि वह्या कपाटात! तारीख आणि जागा लिहिलेली असेल तर ‘हिस्टॉरिकल’ हा पर्याय निवडून टाका, फक्त आठवणीतून भर घालू नका, आणि त्या दिवशी खास पक्षीच लिहिले असतील तर पूर्ण यादीला सरळ नाही म्हणा.

विश्वासाचं म्हणाल तर भागानुसार आणि महिन्यानुसार फिल्टर लावलेले असतात, त्यात न बसणारी नोंद आली की ती जाणकार व्हॉलंटियरकडे जाते, तो मेल करून फोटो किंवा वर्णन मागतो. पटलं नाही तर ती तुमच्या यादीत राहते, सगळ्यांसाठीच्या डेटात येत नाही. चुका तरीही राहतात, पण एवढ्या याद्यांत एखादी चूक कल बदलत नाही.

राहिली अमेरिका. कॉर्नेल युनिव्हर्सिटीने २००२ मध्ये हे सुरू केलं, सर्व्हर त्यांचा, मान्य. पण फॉर्म भरून मागितलं की अभ्यासासाठी डेटा कुणालाही फुकट मिळतो, धंद्यासाठी वेगळी परवानगी लागते. २०२३ चा रिपोर्टही आपल्याच १३ संस्थांनी मिळून केला, त्यात मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) आहे. आपल्याकडे किती सर्व्हे पीडीएफमध्ये कोंडून पडलेत ते बघितलं की मला तरी हा सौदा वाईट वाटत नाही.

प्रश्न : आमच्या वाडीत घुबडाचं घरटं आहे. ईबर्डवर टाकलं तर फोटोवाल्यांची रांग लागेल का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : चोरटा व्यापार किंवा त्रास होणाऱ्या काही जातींची नेमकी जागा ईबर्ड स्वतःच लपवतं, पण सगळ्या घुबडांची नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. पिल्लं उडून गेल्यावर यादी टाका, नोंदीला तारीख पाहिल्या दिवसाचीच देता येते. आणि तोवर घरट्याचा फोटो गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर पण नको, गर्दी तिथूनच येते.