"म्हणजे आता संपलंच का वो, मॅडम?"

कोल्हापुरातल्या फुलेवाडीची एक आई माझ्याकडं चिठ्ठी घेऊन आली होती. डॉक्टरांनी वर लिहिलेलं, 'पॅलिएटिव्ह केअर'. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "म्हणजे आता संपलंच का वो? आणि पोराला यातलं काही कळू द्यायचं न्हाई, आधीच सांगतो." (आमच्याकडं बायकाही 'सांगतो'च म्हणतात.)

मुलगा 18 वर्षांचा. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार. स्नायूंना टिकवणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन या मुलांच्या शरीरात जवळपास तयारच होत नाही. लहानपणी मांड्यांवर हात टेकत उठायचा, अकराव्या वर्षी व्हीलचेअर आली. आता बोटं मोबाइलपुरती चालतात.

मी सांगितलं, पॅलिएटिव्ह केअरमध्ये काही बंद होत नाही. स्टिरॉइड, हृदयाच्या गोळ्या चालूच राहणार. जोडीला दुखणं, झोप, श्वास, भीती आणि तुमची दमछाक, याकडंही कुणीतरी बघणार. खरं तर हे निदान झालं तेव्हापासूनच सुरू करता येतं. तिनं मान हलवली, पण पटलं नव्हतं.

मग मुलाशी एकट्यानं बोलले. सकाळी डोकं दुखतं? "दहापर्यंत ठणकतं." नाश्ता जात नाही, दुपारी अभ्यासाला बसलं की डोळा लागतो. रात्री श्वास उथळ पडून कार्बन डायऑक्साइड साठत असल्याची ही लक्षणं. घरी का नाही सांगितलंस?

"कूस बदलायला आई रात्रीत पाचदा उठायची. आता मी दोनदाच हाक मारतो. मधल्या वेळात पंखा बघत पडायचं. त्यात आणि डोकेदुखी कुठं सांगू?" थोडं थांबून म्हणाला, "मला सगळं माहितेय मॅडम, यूट्यूबवर बघितलंय. आईला कळू देऊ नका."

दोघांनीही मला एकच अट घातलेली!

पूर्वी मी आईबापांची अशी अट मुकाट पाळायचे. त्याचा मला आजही पस्तावा होतो. या वेळी मुलाला विचारलं, आईसमोर बोलूया का? बराच वेळ गप्प राहून 'हं' म्हणाला. तिघं एकत्र बसलो. आई रडली, तोही रडला. मग त्यानं स्वतःच सांगितलं: शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच बघायची आहे, आणि पुढं कधी श्वासासाठी गळ्यात नळी घालायची वेळ आली तर आधी मला विचारायचं.

वडील ऑक्सिजनचं सिलिंडर आणायला निघाले होते, त्यांना थांबवलं. या आजारात दम स्नायू थकल्यानं लागतो. श्वासाला आधार न देता नुसता ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. छातीच्या डॉक्टरांनी रात्रीची तपासणी करून बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला आधार देणारं यंत्र, लावलं. पहिले पंधरा दिवस मास्कवरून रोज भांडण. नाकावर वळ उठला, मास्क बदलला.

मग एका सकाळी आईचा फोन. "काल चारपर्यंत झोपलो वो. दोघंबी. आणि उठल्या उठल्या पोहे मागतंय."