वाचकांचे प्रश्न : सरदार, सामुराई आणि मोबाईलवरची प्रेमकथा

जपानी ऐतिहासिक प्रेमकथांचे मोबाईल गेम खेळणाऱ्या सोलापूरच्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: या खेळांत तुम्ही नायिका असता, समोर इतिहासातले सरदार आणि सामुराई असतात. त्यातल्या एकाची निवड करून त्याची कथा भागाभागाने वाचायची आणि मध्ये मध्ये येणाऱ्या पर्यायांतून शेवट ठरवायचा. अशा एका सरदाराच्या कथेला खेळाडू 'रूट' म्हणतात.

'इकेमेन सेंगोकु' सुरू केलाय. दिवसाला पाच तिकिटं, ती संपली की थांबायचं. आता तर 'ग्रेस' कमी पडतो म्हणून पुढचा भागच उघडत नाही. पैसे न भरता पुढे जाता येईल का? (जुळे सोलापूर)

येईल, घाई मात्र करू नका. हा खेळ सायबर्ड या जपानी कंपनीचा. जपानीत तो २०१५ साली आला, इंग्रजीत २०१७ साली. त्याची रचनाच अशी आहे की घाई करणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. एका तिकिटात एक छोटा भाग वाचून होतो. मग ठरावीक टप्प्यांवर कथा अडते. एका ठिकाणी ग्रेसचा आकडा पुरा लागतो, तर दुसऱ्या ठिकाणी नायिकेसाठी एखादा पोशाख घ्यावा लागतो. पोशाखाच्या टप्प्यावर दोन वाटा दिसतात. साधी कथा खेळात मिळणाऱ्या नाण्यांत उघडते, खास कथेला हिरे लागतात. मुख्य कथानक साध्या वाटेनेही पूर्ण होतं, खास वाटेवर जास्तीचा प्रसंग आणि चित्र मिळतं.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: कथा वाचायच्या उत्साहात ग्रेस मिळवणारे 'लेसन' करायचे राहून जातात आणि सगळी नाणी खोली सजवण्यात जातात. मग टप्पा आला की हात रिकामे, आणि समोर लगेच हिरे विकत घ्यायची खिडकी. रोज आधी लेसन करा, मग तिकिटं वापरा. नाणी पुढच्या पोशाखासाठी राखा. हिरे साठवायचे असतील तर ज्या सरदारावर खरंच जीव आहे, त्याच्याच खास प्रसंगासाठी साठवा.

प्रत्येक प्रश्नाच्या पर्यायांना जवळिकीचे कमी-जास्त गुण असतात, आणि त्यांच्या बेरजेवर रोमँटिक की ड्रॅमॅटिक शेवट मिळणार ते ठरतं. पहिल्या खेपेला गुणांचा तक्ता शोधू नका, मनाला येईल ते उत्तर द्या. दुसऱ्या शेवटासाठी तसाही तो रूट पुन्हा वाचावा लागतो, तक्ता तेव्हा वापरा. क्रम विचाराल तर सुरुवात नोबुनागापासून करा, कारण कथेचं बीज त्याच्याच प्रसंगात आहे. केन्शिन आणि शिंगेन विरुद्ध गोटातले आहेत. ओदा पक्षातले, म्हणजे नोबुनागाच्या बाजूचे, दोन-तीन रूट झाल्यावर त्यांच्याकडे गेलात तर त्यांची बाजू जास्त भिडते.

खेळातली स्पर्धा शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत आहे असं समजून बसले, आणि दुपारीच बंद झाली. असं का? (विजापूर रोड)

सूचनेत वेळेपुढे कोणत्या देशाची घड्याळवेळ लिहिली आहे ते आधी पाहा. जपानची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतात आणि वर्षभर बदलत नाहीत. तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. इंग्रजी आवृत्तीत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ दिली असेल तर गोंधळ होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली मध्यरात्र आपल्याकडे दुपारी साडेबाराला येते, उरलेल्या महिन्यांत दीडला. म्हणजे 'दहा तारखेची मध्यरात्र' आपल्यासाठी भरदुपार असते, आणि हिवाळ्यात जमलेली सवय उन्हाळ्यात एका तासाने चुकवते. गजर लावताना तिथली वेळ न लावता आपली वेळ काढून लावा, आणि निदान दोन तास हातात ठेवा; शेवटच्या तासात सगळेच एकदम आत शिरतात आणि सर्व्हर रेंगाळतो.

गाचात, म्हणजे खेळातल्या सोडतीत, माझ्या आवडीचा पोशाख एक टक्का शक्यतेने मिळतो असं लिहिलंय. शंभरदा काढला की तो नक्की मिळणार ना? (अशोक चौक)

नाही. प्रत्येक वेळची सोडत स्वतंत्र असते, मागच्या अपयशाचा हिशोब पुढे धरला जात नाही. एक टक्का शक्यता असताना शंभर वेळा काढून निदान एकदा मिळण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के भरते. म्हणजे शंभर जणींपैकी सदतीस जणी रिकाम्या हाताने परततात. निम्मी शक्यता गाठायला ६९ वेळा काढावं लागतं, नव्वद टक्क्यांसाठी २३०. ठरावीक संख्येनंतर हमखास देणारी सोय काही खेळांत असते. ती सूचनेत स्पष्ट लिहिलेली असेल तरच धरा.

दहा वस्तूंचा संच पूर्ण करायचा मोह तर याहून वाईट. दहाही वस्तू सारख्या शक्यतेच्या असल्या तरी संचाला सरासरी २९ वेळा काढावं लागतं, आणि त्यातली शेवटची एकटी वस्तू सरासरी दहा खेपा घेते. 'एवढी एकच राहिली' म्हणत माणूस अडकतो तो इथेच. गाचातून संच पुरा केल्यावर बक्षीस देण्याच्या पद्धतीवर जपान सरकारच्या ग्राहक संस्थेने २०१२ साली बंदी आणली ती याच कारणाने.

मुलगी नववीत आहे. माझ्या फोनवर खेळताना खात्यातून पैसे गेले. परत मिळतील का? आणि हा खेळ तिने खेळावा का? (साखर पेठ)

आधी पैशांचं बघू. अँड्रॉइड फोन असेल तर खरेदीपासून ४८ तासांच्या आत गुगल प्लेवर परताव्याची विनंती करा आणि घरातल्या मुलाकडून चुकून खरेदी झाल्याचं कारण निवडा. ४८ तास उलटले असतील तर खेळाच्या कंपनीला ॲपमधल्या 'कॉन्टॅक्ट'मधून लिहावं लागतं. ऑर्डर क्रमांक, तारीख आणि रक्कम द्या. मधल्या काळात ते हिरे वापरू नयेत, वापरल्यावर परतावा मिळणं अवघड होतं.

पुढच्यासाठी प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी द्या, सेटिंग्जमध्ये 'पर्चेस व्हेरिफिकेशन' शोधा आणि प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असं करा. यूपीआय आणि कार्ड पेमेंटच्या पर्यायांतून काढून टाका. मुलीला खर्चायला काही द्यायचंच असेल तर ठरलेल्या रकमेचा प्ले रिचार्ज कोड द्या, तो संपला की विषय संपला. मासिक पास सुरू झाला असेल तर ॲप काढून टाकल्याने तो बंद होत नाही. तो प्ले स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन्स'मधून रद्द करा आणि यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची परवानगी उरली नाही ना, तेही पाहा.

खेळावा का, याचं उत्तर खेळागणिक वेगळं. प्ले स्टोअरवरचं वयाचं मानांकन आधी वाचा, कारण यातले काही खेळ सरळ प्रौढ वाचकांसाठी लिहिलेले असतात. मानांकन वयात बसत असेल तर एक भाग तिच्याशेजारी बसून वाचा. ही मुळात वाचायची गोष्ट आहे, इंग्रजीही सुधारतं. मुलीशी भांडण्यापेक्षा पैशांची वाट बंद करणं जास्त कामाचं आहे.

फोन बदलला आणि दोन वर्षांचा सगळा खेळ गेला. (होटगी रोड)

जुना फोन अजून चालू असेल आणि त्यावर ॲप असेल तर वाचवता येईल. पाहुणा (गेस्ट) खात्यावरची नोंद बहुधा त्याच फोनच्या ॲपशी बांधलेली असते, ॲप काढलं की तुटते. जुन्या फोनवर सेटिंग्जमध्ये जाऊन खातं ईमेलशी जोडा किंवा ट्रान्स्फर कोड काढा, खेळाडू क्रमांकासह कागदावर लिहा, नव्या फोनवर आत शिरून पाहा आणि मगच जुन्यावरचं ॲप हटवा. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणार असाल तर विकत घेतलेले हिरे बहुतेक खेळांत सोबत येत नाहीत. आधी वापरून टाका. जुना फोन विकला असेल तर खेळाडू क्रमांक आणि खरेदीच्या पावत्या घेऊन कंपनीला लिहिणं एवढीच वाट उरते.

मे महिन्यात दुपारी खेळताना फोन तापतो आणि ॲप बंद पडतं. (नवी पेठ)

सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि ॲपलसारखी कंपनी आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. चार्जिंग चालू ठेवून खेळू नका, जाड कव्हर काढा, पडद्याचा उजेड कमी करा, हलणाऱ्या चित्रांचा पर्याय बंद करा. फ्रीजमध्ये मात्र कधीही ठेवू नका, आत दव धरतं.

नोबुनागा, मासामुने खरंच असे होते का? खेळातला इतिहास किती खरा मानायचा? (भवानी पेठ)

हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला, कारण या खेळांची खरी गोडी इथूनच सुरू होते.

'इकेमेन सेंगोकु'ची नायिका आजच्या काळातून १५८२ सालात, क्योटोच्या होन्नोजी मंदिरातल्या आगीत पोहोचते आणि नोबुनागाला वाचवते. खऱ्या इतिहासात तो वाचला नाही. २१ जून १५८२ रोजी त्याचा सरदार आकेची मित्सुहिदे याने मंदिराला वेढा दिला आणि ओदा नोबुनागाने वयाच्या ४८व्या वर्षी तिथेच जीव दिला. जपानी पुस्तकांत हीच घटना तेन्शो १० च्या सहाव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी सापडेल. तिथी आणि तारखेची शिवजयंती पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खेळात मित्सुहिदे नोबुनागाच्या बाजूला उभा दिसतो. प्रत्यक्षात होन्नोजीनंतर दोन आठवड्यांच्या आत, यामाझाकीच्या लढाईत हरून तो मारला गेला. आझुचीचा किल्ला, जिथे खेळातला दरबार भरतो, तोही खरा. त्याचा मुख्य मनोरा १५७९ साली पुरा झाला आणि १५८२ सालीच जळाला.

आता वयं पाहा. ताकेदा शिंगेन १५७३ साली वारला, उएसुगी केन्शिन १५७८ साली. १५८२ साली दोघेही हयात नव्हते, पण त्यांच्याशिवाय सेंगोकु, म्हणजे यादवी युद्धांच्या, काळाची कथा रंगत नाही म्हणून लेखकांनी त्यांना जगवलं. कावानाकाजिमाला हे दोघे १५५३ ते १५६४ दरम्यान पाच वेळा समोरासमोर आले होते, खेळातलं त्यांचं नातं त्यावर उभं आहे. दाते मासामुने जन्मला १५६७ साली, म्हणजे होन्नोजीच्या वेळी त्याला पंधरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. खेळात तो पुरता तरुण आहे. त्याचा उजवा डोळा लहानपणी देवीच्या रोगात गेला हे मात्र खरं. याच मासामुनेने १६१३ साली हासेकुरा त्सुनेनागाला स्पेन आणि रोमकडे वकील म्हणून पाठवलं. सानादा युकिमुरा त्याच्या हयातीत नोबुशिगे म्हणून ओळखला जाई, आजचं लोकप्रिय नाव नंतरच्या कथांनी रुजवलं.

'हाकुओकी' या दुसऱ्या खेळाचा काळ याच्या जवळजवळ तीनशे वर्षं पुढचा. रक्तपिपासू योद्धे आणि राक्षस ही कल्पना, शिन्सेनगुमी हे सामुराईंचं पोलीस दल मात्र खरं. १८६३ साली क्योटोत ते उभं राहिलं. दलातला ओकिता सोजी १८६८ साली क्षयाने गेला, त्याच वर्षी कोंदो इसामीचा शिरच्छेद झाला, हिजिकाता तोशिझो १८६९ साली हाकोदातेच्या लढाईत पडला. साइतो हाजिमे मात्र १९१५ पर्यंत जगला. हे ठाऊक असताना ते रूट वाचून पाहा, प्रत्येक हसऱ्या प्रसंगाला घसा दाटून येतो. हा खेळ २००८ साली प्लेस्टेशन २ वर आला. संगणकावर तो विकत घेऊन सलग वाचता येतो, तिकिटांची भानगड नाही.

एक सवय लावून घ्या: रूट संपला की त्या माणसाचं जन्मसाल, मृत्यूसाल आणि एक लढाई वहीत टिपा. शेजारी आपल्याकडचं साल लिहा. होन्नोजी जळत होतं त्या काळात विजापुरात लहानग्या इब्राहिम आदिलशहाच्या नावाने चांदबिबीचा कारभार होता, तीच चांदबिबी जिच्या लग्नात सोलापूरचा भुईकोट आंदण गेला होता. असा तक्ता भरू लागला की दोन्ही इतिहास पक्के बसतात.

शिन्सेनगुमीची निळी हाओरी (किमोनोवर घालायचा अंगरखा) शिवून घ्यायची आहे. कापड किती आणि शिंप्याला काय सांगू? (अक्कलकोट रोड)

उंची पाच फूट तीन इंचांच्या आसपास असेल तर ४४ इंची पन्ह्याचं सुती कापड सव्वातीन मीटर घ्या, फिकट निळं, किंचित हिरवट झाक असलेलं. पांढरं सुती कापड पाऊण मीटर. टेरिकॉट नको, ते अंगावरून घसरतं आणि सोलापूरच्या हवेत सोसवत नाही. कापण्याआधी दोन्ही कापडं रात्रभर वेगवेगळी भिजवून वाळवा. निळं आटलं आणि पांढरं नाही, तर पहिल्या धुण्यात कडेचे पांढरे त्रिकोण सुरकुततात.

शिंप्याला पहिली गोष्ट सांगा की यात गोलाई कुठेच नाही. सदऱ्यासारखी मुंढ्याची गोलाई कापली की सगळं बिघडतं, आणि नेमकं तेच घडतं, कारण हाताला सवय तीच असते. १९० सेंटिमीटर लांब, ३४ रुंद अशा दोन उभ्या पट्ट्या कापा. त्या खांद्यावरून दुमडून पुढे-मागे येतात, खांद्यावर शिलाई नसते. मागे मध्यभागी दोन्ही जोडायच्या, पुढे उघड्या. मानेसाठी खांद्याच्या घडीवर मध्यापासून दोन्हीकडे नऊ-नऊ सेंटिमीटर आडवी चीर. त्याच लांबीत उरलेल्या कापडातून १६ सेंटिमीटर रुंद गळपट्टी आणि काखेखाली बसणाऱ्या, खाली रुंद होत जाणाऱ्या दोन कळ्या निघतात. गळपट्टी थोडी तोकडी पडते, तिचा जोड मानेच्या मागे घ्या, दुमडीत झाकला जातो. बाह्या १०४ बाय ३४ च्या दोन, मधोमध दुमडलेल्या. पुरुषी हाओरीची बाही अंगाला जवळजवळ पूर्ण लांबीने जोडलेली असते, खाली लोंबती सुटी नसते.

पांढरे त्रिकोण दहा सेंटिमीटर उंचीचे, बाहीच्या कडेला आणि खालच्या घेराला, टोक वर. ते बाह्या मिटण्याआधी, कापड सपाट असतानाच फ्युजिंग लावून टीप मारून घ्या. नंतर लावायला गेलात तर बाजूच्या शिलाईपाशी त्रिकोण जुळत नाहीत. छातीपाशी दोन्ही बाजूंना छोटे फासे ठेवून पांढरी दोरी बांधा, बटण किंवा हुक लावू नका. आत किमोनो घालणार असाल तर त्याचा डावा पदर उजव्यावर यायला हवा. उलटा पदर जपानमध्ये मृतदेहाला नेसवतात.