मीरा रोडची चिंता नंतर करा, आधी ती पॉलिसी परत करा

दहिसरला भाड्याने राहणाऱ्या एका ३७ वर्षांच्या वाचकाचे सविस्तर पत्र आले आहे. मीरा रोडला २०११ साली बांधलेल्या इमारतीत दोन बेडरूमचे घर त्यांनी पाहिले असून मालक एक कोटी रुपये मागत आहे. घर पती-पत्नी दोघांनाही आवडले आहे; परंतु नातेवाइकांचे म्हणणे असे की तिकडे सगळ्या जातीधर्मांची सरमिसळ वस्ती आहे, केव्हा काय होईल सांगता येत नाही आणि उद्या विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळणार नाही. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की, मीरा रोडचे नाव पाहता तिथे एक कोटी रुपये घालावेत का?

या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे, पण पत्राच्या शेवटाकडे तुम्ही सहज लिहून गेलेला मजकूर मला त्याहून कितीतरी अधिक काळजीचा वाटतो. तुम्ही लिहिता की, ७५ लाखांचे गृहकर्ज मंजूर होताना शाखेतील अधिकाऱ्याने 'कर्जाची सोय' म्हणून वर्षाला २ लाख ४० हजार रुपये हप्त्याची एक पॉलिसी घ्यायला लावली. दहा वर्षे हप्ते भरायचे, विसाव्या वर्षी साधारण ५२ लाख मिळतील आणि त्यातून कर्ज हलके होईल, असे तुम्हाला सांगण्यात आले. पॉलिसीचा दस्तऐवज मागच्या महिन्याच्या २४ तारखेला तुमच्या हाती आला आणि तुमचे पत्र ९ तारखेचे आहे. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती विनाअट परत करण्याचा हक्क विमाधारकाला असतो आणि त्यातले निम्मे दिवस संपले आहेत. म्हणूनच, हे उत्तर प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता, एवढा भाग मी तुम्हाला ईमेलने आधीच कळवला आहे.

हिशेब सरळ आहे. दहा वर्षांत २४ लाख भरून विसाव्या वर्षी ५२ लाख मिळणे म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्के परतावा होय. त्याच काळात तुम्ही साडेआठ टक्क्यांनी कर्ज फेडत असणार. साडेआठने उसने घेऊन पाचने ठेवायचे, हा व्यवहार कोणत्याही घरात चालणार नाही, मग बँकेच्या टेबलावर तो 'सोय' कसा ठरतो? ७५ लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ६५ हजार येतो. पॉलिसीत जाणारे महिना २० हजार दहा वर्षे थेट कर्जातच भरले, तर तेच कर्ज वीसऐवजी साधारण बारा वर्षांत फिटते आणि व्याजात ३८ लाखांच्या आसपास वाचतात. शिवाय या पॉलिसीतील विमा संरक्षण केवळ २४ लाखांचे आहे. तुमचे काही बरेवाईट झाले, तर उरलेले ५१ लाखांचे ओझे तुमच्या पत्नीवर पडेल आणि त्यांची नोकरी तर दरवर्षी नव्याने करार होणारी आहे. ज्या माणसाने ७५ लाखांचे कर्ज देताना तुम्हाला २४ लाखांचा विमा विकला, त्याने तुमच्या कुटुंबाचा क्षणभरही विचार केलेला नाही. तुम्हाला हवा आहे तो दीड कोटीचा निव्वळ मुदत विमा (टर्म इन्शुरन्स). तुमच्या वयाला, तंबाखूचे व्यसन नसेल तर, तो वर्षाला साधारण २० ते २५ हजारांत मिळायला हवा.

पॉलिसी परत केली तर कर्ज अडेल, असे तुम्हाला सांगितले जाईल. कर्ज देण्यासाठी विमा घेण्याची सक्ती बँकेला करता येत नाही. विमा कंपनीला चार ओळींचे पत्र लिहा, कंपनीच्या शाखेत देऊन त्याच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या आणि तोच मजकूर कंपनीच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा. मुदतीतील दिवसांचा विमाखर्च, मुद्रांक व वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा होऊन बाकी रक्कम परत मिळते. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जा. 'साहेब रजेवर आहेत, सोमवारी या' हे उत्तर एकदाही मान्य करू नका, कारण प्रत्येक सोमवार तुमच्या मुदतीतून वजा होतो.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही आणि जी वाचून मला खरोखर वाईट वाटले. स्वतःचे २५ लाख, सुमारे सात टक्के मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी फी, दलाली आणि किरकोळ दुरुस्ती धरून तुम्हाला ३६ ते ३७ लाख उभे करायचे आहेत. मुदत ठेवीत १८ लाख आणि म्युच्युअल फंडात ९ लाख आहेत. राहिलेले १० लाख आईच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून मोडायचे ठरले आहे. ८.२ टक्के दराने त्या ठेवीचे आईला दर तीन महिन्यांनी २० हजार ५०० रुपये मिळतात आणि तुमच्याच शब्दांत 'तिची औषधे त्यातून सुटतात'. ही ठेव मुदतीआधी मोडली तर दंड बसतो, पण दंडाची रक्कम ही यातली सर्वांत लहान गोष्ट आहे. उद्यापासून रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तुमच्या आईला मुलाकडे हात पसरावा लागेल आणि ज्या महिन्यात तुमचीच ओढाताण असेल, त्या महिन्यात ती मागणारही नाही. आईच्या पैशाला हात लावू नका.

ओढाताण होणारच आहे. दोघांचे मिळून १ लाख ४० हजार हातात येतात. त्यातून कर्जाचा हप्ता ६५ हजार, पॉलिसी २० हजार आणि सोसायटीचे ५ हजार गेले की उरतात ५० हजार. घरखर्च तुम्ही ४५ हजार लिहिला आहे. पत्नीच्या नोकरीचा करार एका वर्षी पुढे चालू राहिला नाही, तर तुमच्या एकट्याच्या पगारातून सगळी देणी भागवून महिन्याला पाच हजारांत घर चालवावे लागेल. आपत्कालीन निधी शून्य आणि भरवसा कशावर, तर 'मेट्रो आली की पाच वर्षांत भाव दुप्पट होईल' यावर. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी सुमारे १५ टक्के वाढ. दहिसरहून पुढे जाणारी मेट्रो ९ कित्येक वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहत आली आहे. तुम्हाला घर विकणाऱ्या मालकालाही ती दिसते आणि त्याने तिची किंमत आजच्या एक कोटीत धरलेली आहे.

आता मीरा रोड. नातेवाइकांच्या मनात काय आहे ते आपण स्पष्टच बोलू. त्यांच्या डोळ्यांसमोर जानेवारी २०२४ मधील नया नगरची दगडफेक व त्यानंतरची पाडापाडी आहे आणि २०२५ च्या पावसाळ्यात मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला झालेली मारहाण व जुलैमधले मोर्चे आहेत. या घटना घडल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण याच उपनगराचा दुसराही इतिहास आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे सुरक्षित ठिकाण शोधत इथे आली, आणि त्याआधीपासून व नंतरही मराठी, गुजराती, जैन, ख्रिस्ती व उत्तर भारतीय कुटुंबे मुंबईत परवडेना म्हणून येत राहिली. लोक तिथून उठून गेले असते, तर तुमच्याकडे आज एक कोटी मागितलेच गेले नसते. शेजारी कोणत्या धर्माचे आहेत एवढ्यावरून जोखीम ठरवणारा हिशेब मला मांडता येत नाही आणि मी तो मांडणारही नाही.

ज्यावरून घराची खरी पारख होते, त्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या तपासायला दोन आठवडे पुरतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीतील व शेजारच्या दोन इमारतींतील गेल्या तीन वर्षांच्या विक्रीची सूची क्रमांक दोन (म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश, 'इंडेक्स टू') काढा. दलाल सांगतो तो भाव आणि दस्तावर लिहिलेला भाव यांत किती अंतर आहे, ते तुम्हाला कळेल. 'विकायला गेलात तर गिऱ्हाईक नाही' याची शहानिशा करायची असेल, तर तिथल्या दोन दलालांकडे विकणारा म्हणून जा आणि घर किती महिन्यांत जाईल ते विचारा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) पाहिल्याशिवाय आणखी एक रुपयाही देऊ नका, आणि इमारतीखालच्या जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचे हस्तांतर) सोसायटीच्या नावे झाले आहे का, हे सचिवांना लेखी विचारा. पुनर्विकासाच्या वेळी सारे घोडे तिथेच अडते. मी एका अशिलासोबत याच भागातील एका इमारतीत गेलो होतो, तेव्हा वॉचमनच्या टेबलावर दोरीने बांधलेली टँकरची वही होती. मे महिन्याच्या पानांवर दिवसाला तीन-तीन नोंदी होत्या आणि वस्तीच्या नावलौकिकाविषयी तासभर बोलणाऱ्या दलालाने त्या वहीचा उल्लेखही केला नव्हता. तुम्ही ती वही मागून पाहा. जोरदार पावसाच्या दिवशी तिथे जा, आणि रात्री दहाला स्टेशनवरून इमारतीपर्यंत तुमच्या पत्नीने तुमच्यासोबत चालत जाऊन पाहावे. त्या रस्त्याबद्दल त्यांचे जे मत होईल, ते सर्व नातेवाइकांच्या मतांपेक्षा मोलाचे मानावे.

एवढे सगळे अनुकूल निघाले, तरी एक कोटीचे घर आज तुमच्या आवाक्यातले नाही. पॉलिसीचे पैसे परत आले की तुमच्याकडे सुमारे २९ लाख होतात. त्यातले सहा लाख अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा आणि कर्ज ६२ लाखांच्या पुढे नेऊ नका, म्हणजे हप्ता ५४ हजारांच्या आत राहील. शुल्क व दुरुस्तीचा खर्च जाता घराची किंमत ७५ ते ७८ लाखांपर्यंत बसते. तेवढ्यात त्याच परिसरात लहान किंवा जुने घर पाहा. ते नको असेल तर २८ हजारांच्या भाड्यात आणखी दोन वर्षे राहा. पॉलिसीचा हप्ता सुटल्यावर महिन्याला ६५ हजारांच्या आसपास शिल्लक पडते, म्हणजे दोन वर्षांत १६ लाख, आणि तेव्हा ९० लाखांचे घरही आईची ठेव न मोडता घेता येईल. मालकाला टोकन म्हणून दिलेले एक लाख सध्या परत मागा. कागद झालेला नसल्यामुळे त्याने थोडी कटकट केली तरी चालेल. मात्र विमा कंपनीला द्यायचे पत्र त्याच्याही आधी, उद्या सकाळी शाखा उघडताच, स्वतः जाऊन द्या.