बंद पडलेल्या संगणकातील फाइल्स फॉरमॅट न करता कशा वाचवाव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: डिचोलीतील आपल्या देवस्थानाच्या कार्यालयातला संगणक, परवा गडगडाटात वीज गेली आणि आली तेव्हापासून सुरूच होत नाही. पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह येते, त्याखाली ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ अशी अक्षरे उमटतात आणि पुन्हा पहिल्यापासून तेच चक्र चालू होते. आत टॅलीतले हिशेब, महाजनांच्या (देवस्थानाच्या सभासदांच्या) याद्या आणि भजनी सप्ताहाची ध्वनिमुद्रणे आहेत, दुसरी प्रत कुठेही नाही, आणि दुकानदार म्हणतो की फॉरमॅट मारल्याशिवाय गत्यंतर नाही.

कृपया फॉरमॅट मारू देऊ नका. मी फोंड्यात संगणक दुरुस्तीचेच काम करतो आणि आपण लिहिलेल्या लक्षणांवरून माझे मत असे की आपल्या फाइल्स बहुधा जागच्या जागी आहेत. बोधचिन्ह दिसते याचा अर्थ मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यांनी सुरुवातीची तपासणी पार केली आहे. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’चा पडदाही विंडोजने हार्ड डिस्कवरच राखून ठेवलेल्या एका छोट्या विभागातून येतो. म्हणजे डिस्क निदान काही प्रमाणात वाचली जात आहे. बिघडले आहे ते विंडोज सुरू करणारे काहीतरी, किंवा डिस्कवरचे काही सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे.

फाइल्स वाचवणे आणि संगणक दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांचा क्रम कधीही उलटा करू नये. कारण साधे आहे: दुरुस्तीचा जवळजवळ प्रत्येक उपाय डिस्कवर काही ना काही लिहितो. पुष्कळांना पटकन सुचणारा चेकडिस्क, म्हणजे डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम, घ्या. डिस्क निरोगी असेल तर तो उपयोगी आहे, पण सेक्टर खराब होत चाललेल्या डिस्कवर चालवला की त्याला ज्या तुकड्यांचा मेळ लागत नाही ते तो मूळ फोल्डरमधून काढून ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात टाकतो. तिथे आपल्या ताळेबंदाचे नाव उरत नाही, नुसती क्रमांक घातलेली सीएचके फाइल सापडते. पुढच्या पडद्यावर ‘रिसेट धिस पीसी’ असा पर्याय दिसेल, त्यात ‘कीप माय फाइल्स’ लिहिलेले असले तरी त्यालाही आज हात लावू नका.

तेव्हा पहिले काम म्हणजे संगणक पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे थांबवणे. एकदा शांत खोलीत कान देऊन ऐका. डिस्कमधून ठराविक अंतराने टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर आतील वाचणारे हेड बहुधा बिघडले आहे. मग घरी करण्यासारखे काहीही उरत नाही, आणि चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला तबकडीवर ओरखडे वाढू शकतात. अशी डिस्क धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच द्यावी. ती उघडून पाहणे किंवा फ्रीझरमध्ये ठेवणे हे उपाय कोणी कितीही आग्रहाने सांगितले तरी करू नयेत. आपल्याकडच्या दमट हवेत फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कवर लगेच पाणी धरते.

आवाज नेहमीसारखा असेल तर पुढचा मार्ग सोपा आहे. दुसऱ्या एखाद्या संगणकावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीचे प्रकार) उतरवून घ्यावे आणि रुफस या मोफत प्रोग्रामने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावे. त्या पेन ड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते, म्हणून रिकामाच घ्यावा. तो बंद संगणकाला लावून, चालू करताना बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचे ते निवडण्याच्या यादीची, कळ दाबत राहावी. डेल आणि लेनोवोवर ती साधारणपणे एफ १२ असते, एचपीवर एफ ९. मग डिस्कवरचे विंडोज बाजूला राहते आणि संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू होतो. उबुंटू आपल्याला ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’ असे दोन पर्याय विचारते. येथे ‘ट्राय’च निवडायचे, ‘इन्स्टॉल’च्या वाटेला गेलात तर जुनी डिस्क पुसली जाऊ शकते.

फाइल्स उघडण्यापूर्वी ‘डिस्क्स’ या प्रोग्राममधली स्मार्टची माहिती पाहावी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, ती ही. त्यात क्रमांक ५ ची ओळ बदलून दिलेल्या सेक्टरांची असते आणि १९७ ची ओळ वाचता न आल्यामुळे ताटकळत राहिलेल्या सेक्टरांची. दोन्हींपुढे शून्य असेल तर निश्चिंतपणे बाहेरच्या नव्या डिस्कवर फाइल्स कॉपी करा. १९७ पुढे आकडा असेल तर फोल्डर ओढून टाकण्याची पद्धत वापरू नका, कारण साधी कॉपी एका खराब सेक्टरवर अडते आणि डिस्कला तिथेच झिजवत बसते. त्यासाठी डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम आहे. सिस्टमरेस्क्यू नावाच्या लिनक्समध्ये तो आधीपासूनच असतो. तो आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतो, अडलेल्या जागा एका नकाशा-फाइलमध्ये नोंदवतो आणि शेवटी तेवढ्याच जागांकडे परत वळतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम जिथे थांबले तिथून पुढे नेता येते. मात्र जुनी डिस्क कोणती आणि नवी कोणती हे मॉडेल क्रमांक पाहून दोनदा पडताळावे, कारण येथे उलटापालट झाली तर जुन्या डिस्कवर रिकामी डिस्क उतरते. आपला हात या कामात बसलेला नसेल तर एवढ्या भागासाठी जाणकाराला सोबत घेणे श्रेयस्कर.

विंडोज अर्धवट बंद झालेले असल्यामुळे लिनक्स डिस्कवरचा विंडोजचा भाग फक्त वाचण्यापुरता उघडू शकते. आपल्याला तेवढेच हवे आहे. पण बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क सांकेतिक करून ठेवण्याच्या सोयीची) कुलूपबंदी दिसली तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. संगणक पहिल्यांदा लावताना ज्या कोणा सदस्याचे मायक्रोसॉफ्ट खाते वापरले, त्याच्या खात्यात ती बहुधा मिळते. ती नसेल तर कोणताही दुकानदार ते कुलूप उघडू शकत नाही, आणि तसे सांगून पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता नेमके काय उचलायचे याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ‘सगळा डेटा काढला’ म्हणून परत दिलेल्या डिस्कमध्ये नेमके हवे तेच नसते, असे मी वारंवार पाहतो. बहुतेक जण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेऊन मोकळे होतात. टॅलीप्राइमचा डेटा मात्र जागा बदललेली नसेल तर ‘यूझर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरच्या आत असतो. तिथे क्रमांकांच्या नावाचे फोल्डर दिसतात, त्यांना निरुपयोगी समजू नका, त्यातला एकेक फोल्डर म्हणजे एकेका संस्थेचे हिशेब. दुसरी गोष्ट मराठी फॉन्टची. देवस्थानाच्या जुन्या याद्या, निमंत्रणपत्रिका आणि अहवाल युनिकोडपूर्वीच्या (सर्व संगणकांवर सारखीच दिसणारी आजची अक्षरपद्धत येण्याआधीच्या) श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेले असण्याची दाट शक्यता आहे. ती फाइल सुखरूप आली आणि फॉन्ट मागे राहिला, तर उघडल्यावर महाजनांच्या नावांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची आणि चिन्हांची ओळ दिसते, आणि फाइल बिघडली असे वाटून लोक ती टाकून देतात. म्हणून ‘विंडोज’मधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर आठवणीने कॉपी करा.

प्रत हाती आली की दुरुस्ती. आधी डिस्कची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) काढून घट्ट बसवा. पावसाळी हवेने रॅमच्या पट्ट्यांवर काळपटपणा येतो, तो खोडरबराने अलगद पुसावा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तारीख मागे गेलेली असेल तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. तिच्याबरोबर साटाची जोडणीपद्धत बदलली गेली, तर एवढ्यानेच विंडोज सुरू व्हायचे थांबते आणि ती पूर्ववत करताच चालू होते. तसे नसेल तर ‘स्टार्टअप रिपेअर’ आता निर्धास्तपणे चालवा. स्मार्टमध्ये खराब सेक्टर दिसलेले असतील तर त्या डिस्कवर वेळ घालवू नका, नवी एसएसडी (फिरत्या तबकडीविना चालणारी डिस्क) घालून विंडोज नव्याने बसवा.

गडगडाट होऊ लागला की प्लग काढणे पुरेसे नाही, इंटरनेटची तांब्याची केबलही काढावी लागते, कारण विजेचा धक्का त्या वाटेनेही मदरबोर्डपर्यंत पोचतो. मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात माझ्याकडे येणाऱ्या संगणकांत हे नेहमी दिसते.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. नव्या संगणकावर टॅली उघडून ट्रायल बॅलन्स मागच्या लेखापरीक्षणाच्या कागदाशी जुळतो का ते पाहा, सप्ताहाची ध्वनिमुद्रणे शेवटपर्यंत वाजवून बघा, आणि तोवर ती डिस्क नाव-तारीख लिहून कोरड्या जागी ठेवा.